तात्यांची मान

आमच्या तात्यांची मान वाकलेली कुणी पाहिली नव्हती. तात्या म्हणजे माझे वडील, पण निरगुडसरात लहानथोर सगळे त्यांना तात्याच म्हणत आणि पाठीमागे ‘खांब’. ठेंगण्या चौकटीतून आत जाताना माणूस मान वाकवतो. तात्या गुडघे वाकवत. मान आपली जागच्या जागी, अख्खा माणूस तेवढा खाली जाऊन पलीकडे पुन्हा वर यायचा. देवळातही तेच. हात जोडलेले, हनुवटी वर. आई म्हणायची, “अहो, देवापुढं तरी वाका की!”

“त्याला दिसतंय ना मी आलोय त्ये? मग झालं!”

या मानेपायी आमच्या घरात अकरा वर्षं एक गोष्ट अडून बसली होती. तात्या आणि त्यांचे चुलतभाऊ अण्णा यांची विहीर सामाईक, मोटर एक. चार दिवस यांचं पाणी, चार दिवस त्यांचं. एका वर्षी तात्यांनी गव्हासाठी पाळी संपल्यावरही मोटर चालू ठेवली, तिकडे अण्णांचा कांदा सुकला, आणि विहिरीवर व्हायचं ते सगळं झालं. चार माणसं मिटवायला बसली. अण्णा म्हणाले, “त्यानं येकदा मान खाली घालावी, मी समदं इसरतो.”

“चूक माझी हाय, कबूल,” तात्या म्हणाले. “मान न्हाई.”

झालं! तेव्हापासून बोलणं बंद. आपली पाळी संपली की मोटरच्या पेटीवर बादली पालथी घालायची, दुसऱ्यानं ती बघून समजून घ्यायचं. माझ्या लग्नाला अण्णा आले नाहीत. ज्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रा बघितली ते अण्णा! अक्षता पडत होत्या आणि तात्या मांडवाच्या दाराकडे बघत होते. मला तेव्हा दोघांचाही भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर अजून येतो.

तात्यांकडे चष्मे दोन. एक जवळचा, एक लांबचा, आणि हवा असेल तो हमखास दुसऱ्या सदऱ्यात. शेवटी मीच त्यांना मंचरला नेलं आणि सगळं एकातच असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा करायला टाकला. दुकानातली मुलगी समजावून सांगत होती, “वरून लांबचं दिसणार, मधून मधलं, खालून जवळचं.”

“म्हंजी तीन खोल्या.”

“हो आजोबा, पण मधे भिंती नाहीत.”

“भित न्हाई तर मानसानं समजायचं कसं, आपण कंच्या खोलीत हाय?”

मुलगी हसली नाही, हे विशेष. ती म्हणाली, “बघायचं असेल तिकडं नाक वळवायचं, नुसते डोळे नाही. आणि तुम्ही मान फार वर धरता. लांबचं बघताना हनुवटी खाली घ्या, नाहीतर सगळं धूसर दिसेल.”

तात्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “हिला अण्णानं पढवून ठिवलंय का गं?”

पहिले आठ दिवस घरात नुसता तमाशा. सपाट अंगणात तात्या ओढा ओलांडल्यासारखा पाय उचलत आणि खरा उंबरा आला की त्यालाच ठेचकाळत. डेअरीत दुधाच्या फॅटची चिठ्ठी वाचायची तर नाक आभाळाकडे. लोक म्हणाले, लेकीनं चष्मा काय आणला, म्हातारा हवेत गेला! नवव्या दिवशी चष्मा शेवयांच्या डब्यात सापडला. मी फोनवर सरळ सांगितलं, “महिनाभर घालायचा. काढलात तर मी दिवाळीला येणार नाही.”

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मग, “घालतो बाई. तू ये.”

त्या महिन्यात तात्यांची हनुवटी हळूहळू खाली आली. लांबून कुणी येताना दिसलं की ओळख पटवायला ती झुकायची, आणि समोरच्याला वाटायचं, तात्यांनी रामराम घातला! माणसं गांगरून दुप्पट वाकून नमस्कार करू लागली. एकदा तर विजेच्या खांबालाही रामराम झाला म्हणे. गावाला वाटलं, म्हातारा निवळला. तात्यांना वाटलं, गावाला अक्कल आली.

दिवाळीला मी गेले. पाडव्याच्या सकाळी तात्यांबरोबर विहिरीवर होते. समोरच्या काठावर कुणीतरी बादली घेऊन आलं. तात्यांना कळेना कोण ते. त्यांनी सवयीनं हनुवटी खाली घेतली, अजून थोडी घेतली आणि तसेच थांबले.

समोर अण्णा होते.

अण्णांनी आपला चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत चढवला. मग बादली तिथंच ठेवून विहिरीला वळसा घालून आले. “तात्या, बास. वर कर मान. मला बघवंना.”

तात्यांनी तोंड उघडलं. या माणसाला खोटं म्हणून बोलता येत नाही, आता म्हणणार, ‘मी तर फकस्त बघत व्हतो कोन हाय त्ये’! मी मागून त्यांचा सदरा जोरात ओढला. तोंड मिटलं. मग अकरा वर्षांनी पहिला शब्द आला, “कांदा कसाय यंदा?”

“बराय,” अण्णा म्हणाले. “पानी येळेवर मिळालं तर.”

आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी मात्र नुसतीच रडले.

पुढे तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं चष्म्याशिवाय लख्ख दिसायला लागलं, मान पुन्हा खांबासारखी झाली. पण अण्णा दिसले की खाली जायचीच. मी चिडवलं, “आता कशाला?”

“अण्णाला कुठं ठावं हाय चष्म्याचं,” ते म्हणाले. “त्याला कळाया नगं.”

मागच्या पौषात तात्या गेले. तेराव्यानंतर अण्णा विहिरीवर एकटेच बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, “अण्णा, त्या पाडव्याला तात्यांनी माफीसाठी मान खाली घातली नव्हती हो. चष्म्यातून दिसत नव्हतं त्यांना.”

अण्णांनी आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी डोळ्यांना लावला. विहिरीचा काठ एकदम वर आला आणि पायाखालची जमीन डुलली.

“पोरानं करून दिला, तुज्या तात्याच्या आदी वरीसभर,” अण्णा म्हणाले. “दोन म्हयनं मीबी असाच खाली मान घालून हिंडलो. मला वळखाया यायची न्हाई व्हय?”

“मग तुम्ही आलात कसे?”

“अकरा वर्सं झाली व्हती, पोरी. त्याची मान काय वाकनार नव्हती, आन् माजा पाय निघत नव्हता.” त्यांनी चष्म्यासाठी हात पुढे केला. “तात्याला कदी कळलं न्हाई ना?”

“काय?”

“मला ठावं व्हतं म्हनून.”