नऊचा फरक

ये, अशी जवळ बस. लांबूनच काय हुं हुं करतीस? गणितात मार्क कमी पडले म्हणून आजीपासून कुणी तोंड लपवतं का, येडे? आकड्यांनी माझं काय केलं ते ऐक, मग रड.

शाळा मला चौथीपर्यंत. पुढचं कवठे महांकाळला शेरडं राखताना भावाच्या पुस्तकातून शिकले. लग्न होऊन कोरेगावकडं आले, तर नवरा पलटणीत. तेव्हा बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग मी मनात त्याचा फौजेतला नंबरच घ्यायची. दर पत्रावर तो लिहावा लागायचा: ९६३८१४५. भाकरी थापताना मी त्याच्याशी खेळायची. सगळे आकडे मिळवले की छत्तीस, म्हणजे नवानं भाग जातो. एक सोडून एक मिळवले, नऊ, तीन, एक, पाच, तर अठरा. राहिलेले सहा, आठ, चार, तेही अठरा. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून अकरानंही भाग जातो. लय देखणा आकडा. माझ्या माणसासारखा.

एकाहत्तरच्या लढाईत जवान कामी आल्याची तार आली. तुझा बाप तेव्हा रांगत होता. भावकीत ह्यांच्याच नावाचा आणखी एक जण होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत. पोस्टमन आमच्या दारात आला. सासऱ्यांनी तार माझ्या हातात दिली, कारण घरात इंग्रजी आकडे मलाच यायचे. नाव, गाव, आणि नंबराच्या शेवटी ४५ च्या जागी ५४. बेरीज छत्तीसच आली. मग एक सोडून एक मिळवले. सतरा आणि एकोणीस. अकरानं भाग जात नव्हता.

"मामंजी, ह्यो आपला नंबर न्हाई. नऊनं म्होरं हाय."

"भरतीच्या रांगेत त्यो मागंच हुता की," सासरे म्हणाले, आणि खाली बसले. "म्हंजी त्यांचा."

त्या घरातली जुनी पत्रं चुलीत गेलेली. नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. माझ्या शब्दावर त्याच्या बायकोच्या, माझ्या भावकीतल्या धाकट्या जावेच्या, बांगड्या फोडल्या. तिचं ओरडणं परड्यापर्यंत ऐकू येत होतं. आणि त्या दिवशी, पोरी, मी पोटभर जेवले.

पुढं तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. जिता होता. त्याचा नंबर ५१ वर संपत होता. पाठोपाठ फौजेचं पत्र आलं, त्यात ४५. तार उतरवून घेणाऱ्यानं शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले होते.

शेजारच्या दोन आकड्यांनी जागा बदलली की बेरीज हलत नाही, आणि फरकाला नवानं भाग जातोच. हे मला ठाऊक होतं गं! शेरडांमागं बसून मीच शोधलेलं. फरक नऊ आला तिथंच शंका यायला हवी होती. पण मला पाहिजे ते उत्तर मिळालं, आणि मी पुढं तपासलंच नाही.

माझ्या बांगड्या फुटून हात मोकळे झाले, तेव्हा जाऊच पहिली आली. पाठीवर हात ठेवला. "आक्का, माझ्या येळंला तुमी उंबरा वलांडला न्हाई," एवढंच म्हणाली. मला तिच्याकडं वर बघता आलं नाही. अजून बघितलेलं नाही.

ती आता सांगलीला लेकाकडं असते. अंथरुणाला खिळलीय म्हणतात. तुझ्या हॉस्टेलपासून जवळच आहे. मला तिच्या दारात जायचंय, पण एकटीनं पाय उचलत नाही. येत्या रविवारी न्यायला ये. लांबवू नकोस.