विलायचीचा वास येणारं ग्राफिक्स कार्ड

"सर, सील मी तोडणार नाही. तुम्ही लावलंय, तुम्हीच तोडा."

समोरच्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवला आणि दुकानातल्या दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं. साक्षीदार आहेत याची खात्री केली असावी. टेबलावर एक काळा, जुना गेमिंग कॉम्प्युटर होता. त्याच्याभोवती सुतळी आवळलेली, गाठीवर लाल लाख आणि लाखेखाली कागदाची पट्टी. पट्टीवर सही, तारीख आणि वेळ. मी बावीस वर्षं बुलडाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. मतदान केंद्रावरून आल्यासारखा सीलबंद कॉम्प्युटर मी त्या शनिवारी पहिल्यांदा पाहिला.

गृहस्थ म्हणजे इंगळे सर. धाड गावाकडच्या एका शाळेत शिक्षक. निवडणुकीच्या ड्युट्या करून करून सील लावण्यात हात बसलेला. सोबत पत्नी वंदनाबाई आणि बावीस वर्षांची मुलगी प्रणाली. दोघी स्टुलावर बसल्या होत्या आणि दोघी गप्प होत्या.

"आधी पंचनामा करू मॅडम," सर म्हणाले. "एकदा शाळेचा कॉम्प्युटर रिपेरले देला होता. आठ जीबीची रॅम चार जीबी होऊन आली. तवापासून मी कोनावर भरोसा ठेवत नाई."

"माझ्यावर ठेवूच नका. वहीवर ठेवा," मी म्हटलं.

माझ्याकडे प्रत्येक मशीनचं एक पान असतं. आत काय आहे, कोणत्या भागाचा नंबर काय, तक्रार काय, कोणती तपासणी किती वाजता केली. सरांनीही खिशातून वही काढली. दोघांनी शेजारी बसून एकच यादी दोनदा लिहिली. मग त्यांनी सील तोडलं आणि मी आतल्या नंबरांचे फोटो काढले.

तक्रार प्रणालीने सांगितली. कॉम्प्युटर सुरू होतो. साधं काम चालतं. पण रेंडर लावला की मिनिटभरात पडद्यावर रंगीत चौकोन येतात आणि पडदा काळा होतो. रेंडर म्हणजे थ्रीडी प्रोग्रॅममध्ये बनवलेल्या दृश्याचं एकेक पक्कं चित्र काढून घेणं. ते काम मुख्यतः ग्राफिक्स कार्ड करतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला वेगळं कार्ड लागत नाही, गेमला आणि थ्रीडीला लागतं. त्याला स्वतःचे पंखे असतात, कारण ते फार तापतं.

"कधीपर्यंत हवंय?"

"सोमवारी सकाळी दहा," प्रणाली म्हणाली. पुण्याच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओने तिला टेस्ट दिली होती. वीस सेकंदांची फिल्म पाठवायची. तिची तयार होती: बाजारात बांधलेली शेळी दोरी सोडवून पळते. फक्त रेंडर बाकी होता.

"एक चान्स देला आहे मी," सर म्हणाले. "जमलं तर जमलं. नाई तर बी.एड." त्यांच्या फायलीतून बी.एड.च्या फॉर्मची प्रिंट डोकावत होती. निम्मा फॉर्म भरलेला होता.

मी तो फॉर्म पाहून ठेवला.

एखाद्या भागावर संशय असला तरी आधी बाकीच्यांना निर्दोष ठरवावं लागतं. मॉनिटर बदलून पाहिला. केबल बदलली. पॉवर सप्लायचे व्होल्टेज मीटरने मोजले, बरोबर होते. कार्ड काढून मशीन नुसतं चालवलं, अर्धा तास ठणठणीत. कार्ड परत लावलं, रेंडर सुरू केला आणि तापमान पाहत बसले. साठ, बहात्तर, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव. चौकोन. काळोख.

"याचा कोणी पंखा वगैरे उघडला होता?"

"कोनीच नाई," सर म्हणाले. "आमच्या घरी त्याले कोनी हात लावत नाई."

कार्ड हातात घेतलं आणि मला ते पटेना. पंख्याच्या चार स्क्रूंची डोकी घासलेली होती. चुकीचा पेचकस वापरला की असं होतं. आकड्यांचं स्टिकर एका कडेला तपकिरी होऊन उचललं होतं. आणि वास येत होता. जळक्या कार्डाचा वास मला झोपेतही ओळखू येईल. हा तसा नव्हता. हा विलायचीचा होता.

पंखा आणि धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा उतरवला. चिप आणि सांगाडा यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते. चिपची उष्णता ती पट्ट्यांपर्यंत पोचवते. ती करड्या रंगाची आणि मऊ असायला हवी. इथे पांढरा, वाळलेला, भेगा पडलेला थर होता. नखाने खरवडून नाकाजवळ नेला. लवंग.

टूथपेस्ट.

मी सरांकडे पाहिलं. कार्ड उघडलं गेलं होतं यात आता शंका नव्हती. उघडणारा दुकानदार असता तर त्याने चांगला पेचकस वापरला असता. म्हणजे घरातलाच कोणीतरी. घरात ही टेस्ट होऊ नये असं कोणाला वाटत होतं? अर्धा भरलेला फॉर्म समोर होता. आणि स्वतःच बिघडवलेली वस्तू सील लावून आणली, तर आळ दुकानावर ढकलायला सोपं जातं. असा हिशोब मी मनात मांडून टाकला.

पानावर मी लिहिलं: स्क्रू घासलेले. स्टिकर तापलेलं. पांढरी पेस्ट, बहुधा टूथपेस्ट. वास विलायची.

सर म्हणाले, "याची झेरॉक्स लागंल मले." आणि पान घेऊन रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले.

मी दोघींना पाणी दिलं आणि स्टूल ओढून जवळ बसले.

"प्रणाली, या कार्डाला विलायचीचा वास का येतो?"

प्रणालीने आईकडे पाहिलं. आईने दाराकडे.

"ताई, तुमी ह्यायले नाई ना सांगनार?"

"आधी मला तर सांगा."

"भाजलं," वंदनाबाई म्हणाल्या.

"काय भाजलं?"

"हेच. कार्ड. बेकरीत."

मी पेन खाली ठेवलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी पडदा पहिल्यांदा काळा झाला होता. प्रणालीने मोबाईलवर शोधाशोध केली. एका व्हिडिओत सांगितलं होतं की पंखे उतरवून कार्ड ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापवा, जिवंत होतं. घरी ओव्हन नाही. पण आमच्याकडे दिवाळीला बायका मैदा, साखर, तूप, विलायची घेऊन बेकरीत जातात आणि नंबर लावून घरच्या सामानाच्या नानकटाया भाजून आणतात. वंदनाबाईंचा नंबर दुसऱ्याच दिवशी होता.

"शेवटच्या ट्रेत एका कोपऱ्यात ठेवलं. चांदीच्या कागदात गुंडाळून," त्या म्हणाल्या. "बेकरीवाला म्हने, वैनी, हे कोनतं बिस्कुट व्हय? म्या म्हटलं, पोरीच्या कॉलेजचं हाय, दहा मिनिटं राहू दे भाऊ."

"आणि चाललं?"

"हाव ना! लावलं तं एकदम लख्ख."

"पेस्ट धाडमध्ये मिळत नव्हती," प्रणाली हळूच म्हणाली. "व्हिडिओच्या खाली एकाने लिहिलं होतं, टूथपेस्ट चालते."

ते का चाललं ते सांगते. चिपच्या पोटाखाली शिशासारख्या धातूचे शेकडो बारीक ठिपके असतात, त्यांनीच ती चिकटलेली असते. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन ठिपक्यांना भेगा पडतात. नानकटाईच्या भट्टीत ठिपके वितळत नाहीत, नुसते फुगतात आणि भेगेच्या दोन कडा एकमेकींना टेकतात. काही दिवस काम भागतं. मग भेग परत उघडते. इथे वर टूथपेस्टही वाळली, त्यामुळे कार्ड दुप्पट तापायला लागलं. शिवाय भाजताना निघणारा धूर विषारी असतो, खाण्याच्या वस्तूंशेजारी तर हे कधीच करू नये. हे मी दोघींना त्याच वेळी, जरा कडक आवाजात सांगितलं.

"सरांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं बी.एड.चा फॉर्म त्याच दिवशी भरला असता त्यायनं," वंदनाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सर परत आले. झेरॉक्स वाचत वाचतच आले.

"मॅडम, हे टूथपेस्ट काय भानगड आहे?" आवाज वर्गातला होता. "सील शाबूत होतं. घरी कोनी उघडलं नाई. मंग हे झालं कुठं? इथंच झालं! हे कार्ड आमचं नाहीच."

"नंबरचा फोटो तुमच्यासमोर काढलाय सर."

"सील तुटल्यावर काढला! काढाकाढीत कार्ड बदलाले किती वेळ लागते?"

दुकानातले दोघे ऐकत होते. त्यांतला एकजण लॅपटॉपची बॅग खांद्याला लावत उठला. "ताई, मी मंगळवारी येतो," म्हणाला आणि गेला. आमच्या धंद्यात असा माणूस मंगळवारी येत नाही. तो दहा जणांना सांगतो.

एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. पण ते वाक्य माझं नव्हतं. मी सरांना म्हटलं, "पाच मिनिटं बसा."

"बसत नाई. लिहून द्या मले, की कार्ड—"

"म्या भाजलं," वंदनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"काय?"

"कार्ड. नानकटाईसंगं. म्याच भाजलं. ताईवर काऊन आळ घेऊन राह्यले?"

सर बसले. हातातली झेरॉक्स घडी करून फायलीत ठेवली. मग त्यांनी विचारलं, "ज्या मी स्टाफरूममध्ये नेल्या, त्याच नानकटाया?"

"त्या दुसऱ्या ट्रेतल्या होत्या, बाबा," प्रणाली घाईने म्हणाली. "कार्डाच्या ट्रेतल्या आम्ही टाकून दिल्या."

"आनि मले कोनी सांगतलं नाई." हे ते कोणालाच उद्देशून बोलले नाहीत.

मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. दुसरं कार्ड माझ्याकडे नव्हतं, अकोल्याहून मागवलं तरी मंगळवार उजाडला असता. म्हणून जे शक्य होतं ते मांडलं.

"कार्ड बरं होणार नाही. पण दोन दिवस ओढता येईल. टूथपेस्ट साफ करून खरी पेस्ट लावते, कार्डाचा वेग कमी करते, पंखे पूर्ण वेगाने सोडते. आणि प्रणाली, फिल्म एकसंध काढायची नाही. एकेक चित्र सुटं सेव्ह करायचं. बंद पडलं तरी आधीची चित्रं वाचतात. एकूण किती?"

"चारशे ऐंशी."

कार्ड जोडून पाहिलं. एका चित्राला दोन मिनिटं, तापमान चौऱ्याहत्तर. शनिवारी तीन ते आठ दीडशे चित्रं झाली. रविवारी दुकान बंद असतं. तरी मी सकाळी आठला उघडलं तेव्हा तिघंही पायरीवर उभी होती.

सर स्टूल ओढून मशीनजवळ बसले. वही काढली आणि दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायला लागले. दुपारपर्यंत सगळं सरळ चाललं. मग त्यांनी विचारलं, "झालेले चित्रं बरोबर आहेत, हे कोनी पाहिलं?"

"सेव्ह झालीत ना बाबा."

"सेव्ह झाले म्हनजे बरोबर झाले, असं कोनी सांगतलं?"

त्यांनी माझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकेक चित्र उघडायला सुरुवात केली. पहिल्यापासून. पेपर तपासल्यासारखं, बोट पडद्याच्या जवळ धरून. दोन तासांनी त्यांनी हाक मारली.

"मॅडम, इकडं या. शेळीच्या कानावर हे काय आहे?"

केसाएवढी हिरवी रेघ होती. कार्ड थकलं की कधी बंद पडतं, कधी गुपचूप चुकतं. बंद पडलेलं कळतं. चुकलेलं कळायला असा माणूस लागतो. प्रणालीने ते चित्र चारदा पाहिलं, तेव्हा तिला रेघ दिसली. मला पहिल्या नजरेतच दिसली, पण शोधायला मी गेलेच नसते. सरांना अशी तीन चित्रं सापडली. तिन्ही पुन्हा काढली.

चारच्या सुमारास कार्ड एकदा बंद पडलं. टेबल फॅन लावून अर्धा तास थंड केलं आणि जिथे थांबलो होतो तिथून सुरू केलं. आठला शेवटचं चित्र आलं. प्रणालीने चित्रं जोडून फिल्म केली. सरांनी ती तीनदा पाहिली, तिसऱ्यांदा आवाज बंद करून. मग म्हणाले, "पाठव."

साडेआठला फाईल गेली. जाताना सर दारात थांबले. "त्या लॅपटॉपवाल्याचं नाव काय? मी त्याले सांगतो, चूक माझी होती."

नाव माझ्याकडे नव्हतं. त्याचं पान उघडायच्या आधीच तो निघून गेला होता. तो अजून आलेला नाही.

कार्ड मी ठेवून घेतलं आणि मंगळवारी उत्सुकतेपोटी पुन्हा लावलं. पडदा उजळलाच नाही. स्टुडिओने प्रणालीला आठवड्याने बोलावलं आणि सहा महिन्यांसाठी घेतलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एवढ्या जुन्या मशीनवर एकही चित्र चुकलं नाही, कसं? तिने सांगितलं, "बाबांनी तपासलं."

तेव्हापासून मी एक गोष्ट बदलली आहे. "कोणी उघडलं होतं का?" हा प्रश्न मी मशीन आणणाऱ्याला विचारतेच, पण त्याच्या उत्तरावर थांबत नाही. तो खोटं बोलत नसतो. बहुतेक वेळा त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सोबत आलेल्या गप्प माणसाला पाणी द्यायचं, आणि पहिला माणूस झेरॉक्सला गेला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.