नळीतला पिवळा रंग

जालन्यात आमच्या कॉलेजच्या फाटकाशी ती गुळवेल विकायची. मंठ्याहून पहिल्या एसटीनं यायची. कांडीची साल अंगठ्याच्या नखानं खरवडून, आतला हिरवा रंग दाखवूनच जुडी हातात द्यायची. गुळवेलीत अँटिऑक्सिडंट किती, हे मी तपासत होतो; माल तिच्याकडूनच घ्यायचो.

एकदा तिनं विचारलं, "सर, तुमी याचं करता तरी काय?"

मी तिला प्रयोगशाळेत नेलं. नळीतल्या जांभळ्या द्रावणात तिच्याच गुळवेलीचा अर्क सोडला. बघता बघता जांभळा उडाला, नळी पिवळी झाली.

"बघा, रंग उडाला, म्हणजे गुण आहे!" मी खुशीत म्हणालो.

तिनं नळी खिडकीशी नेऊन बराच वेळ उजेडात धरली.

"आमच्या यांचे डोळे बी बराबर असेच पिवळे झालेत. रोज हाच काढा देऊन राह्यले मी. आता दवाखान्यातले म्हणले, घरी न्या."

नळी वेगळी, शरीर वेगळं, असं काहीतरी मी बोलू लागलो.

"मंग हितं गुण येतो, अन् माणसाला न्हाई?"

तिनं नळी दोन्ही हातांनी जपून परत दिली. दारापाशी थांबली.

"सर, उद्या जुडी आणू ना?"