संत्रं नाही, अन् वास संत्र्याचा

मला सोडायला कामठीहून नागपूर विमानतळावर दोन ऑटो भरून माणसं आली होती. भर ऑगस्टच्या उकाड्यात आई माझ्या जर्किनची चेन वर ओढत होती. बाबा पॉवरलूमवरून थेट आलेले, केसांत सुताची भुकटी. मी आत जाताना एवढंच म्हणाले, "शिकजो चांगली. अन् आमच्यापासून काही लपवू नोको."

अमेरिकेत फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि तिथेच पोर्टलंडमधल्या एका बिअर कंपनीच्या लॅबमध्ये लागले. घरी सांगितलं, शीतपेयांची कंपनी आहे. थंड असतं, पेयही असतं. माझ्यासारखे जे निघून आलेत, त्यांना अशी अर्धी वाक्यं ठाऊक असतील.

लॅबमध्ये आम्ही सहा जण रोज सकाळी अकराला चाखायला बसतो. पहिल्या दिवशी समोर आली ती हेझी पेल एल नावाची बिअर. हळदीच्या रंगाची, गढूळ. आई असं पाणी फडक्यातून गाळून घेते. इथे तो गढूळपणाच हवा असतो. त्यात घातलेल्या ओट्समुळे ती जिभेवर पेजेसारखी मऊ लागली, मग पिकल्या आंब्याचा वास, आणि शेवटी घशात एक ओळखीचा कडूपणा. मी कागदावर लिहिलं: संत्रं सोलल्यावर अंगठ्याला राहणारा वास, साल चुकून चावल्यावरची चव. आमची प्रमुख लिंडा म्हणाली, हे नेमकं आहे. पुढे कॅनवर 'संत्र्याची साल' असं छापून आलं. मी तो कॅन खोलीवर आणला आणि कपाटात मागे ठेवला. आनंद झाला होता की लाज वाटली होती, ठरवता येईना.

आमच्या घरी सकाळी बुद्धवंदनेला बसून पंचशील म्हटल्याशिवाय चहा होत नाही. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा, दारूपायीच गेले. ते पाचवं शील बाबा जरा मोठ्यानं म्हणतात.

गेल्या वर्षी एका फोनवर मी सांगून टाकलं. "बाबा, आमची कंपनी बिअर बनवते. मी ती चाखते."

त्यांनी विचारलं, "चाखून थुकून देते ना?"

"नाही बाबा. कडूपणा घशात कळतो. गिळावी लागते."

मागून आईचा आवाज आला, "काहून गप झाले तुम्ही?" बाबांनी फोन तिच्याकडे दिला.

त्यानंतर तीन रविवार मी फोन केला की ते बाहेर गेलेले असायचे. चौथ्या रविवारी स्वतः फोनवर आले. "कशी लागते ते?"

मी सगळं सांगितलं. आंबा, मऊपणा, साल.

"म्हंजे संत्रं टाकतात त्यात?"

"नाही. हॉप्स म्हणून एक फूल असतं, त्याचा वास तसा येतो."

"संत्रं नाही, अन् वास संत्र्याचा," ते म्हणाले. "मले नाही समजलं."

"मलाही नाही, बाबा."

ते हसले असं मला वाटलं. रेंज खराब होती, खात्री नाही.

या दसऱ्याला मी घरी जातेय. तिकीट काढल्यावर बाबांना विचारलं, "वंदनेला तुमच्यासोबत बसू ना?"

"बसजो. कोण नाही म्हणते तुले?"

"आणि पाचवं शील?"

"जेवढं खरं वाटन, तेवढं म्हणजो."

हे माफ करणं होतं की परीक्षा, मला कळलेलं नाही. पूर्वी घर म्हणजे पाचही शीलं न अडखळता म्हणण्याची जागा होती. आता तिथे चार म्हणून मी थांबेन बहुधा, आणि शेजारी बसलेले बाबा पाचवं म्हणतील. तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा असेल की माझ्यासाठी थोडा खाली येईल, याचाच विचार सध्या मनात असतो.