आईला गाडी लागायची

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. मुंबईहून क्रूझनं चार दिवस फिरायला जायचं ठरलं होतं. सोबत तिची दोन लहान मुलं, सासूबाई आणि माझा भाऊ, म्हणजे तिचे वडील. "आत्या, तू आणि पप्पा लहानपणी बोटीनं गेला होता ना? मग सांग की, काय काय सांभाळावं लागतं." मी म्हटलं, बाई गं, तुमच्या बोटीवर म्हणे पोहायचा तलाव असतो. समुद्रात जाऊन तलावात पोहणाऱ्यांना मी काय शहाणपण शिकवणार?

तरी शिकवलंच. कुणी सल्ला मागितल्यावर गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. खोली घ्यायची तर बोटीच्या मध्यावरची घे, आणि होईल तितक्या खालच्या मजल्यावरची. टोकाला आणि उंचावर हेलकावे जास्त. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. रिकाम्या पोटी राहायचं नाही, आणि पैसे भरलेत म्हणून तडस लागेपर्यंत जेवायचंही नाही. सासूबाईंची रक्तदाबाची औषधं हातातल्या पिशवीत ठेव, मोठी बॅग खोलीत कधी पोचेल त्याचा भरवसा नाही. पोरांना कठड्यावर चढू द्यायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. कसंतरी व्हायला लागलं की मोबाईल ठेवून द्यायचा, मोकळ्या हवेत यायचं आणि लांब, पाणी आभाळाला टेकतं तिथं बघत बसायचं.

"एवढं सगळं तुला कसं गं माहीत?" भाचीनं विचारलं. कसं म्हणजे? यातली एकूण एक गोष्ट आम्ही उलटी करून बघितलेली आहे.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. आमचे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. कचेरीत माणसं जास्त आणि खुर्च्या कमी, म्हणून अप्पा सकाळी अर्धा तास आधी निघायचे. जिल्हा आला, पण पाऊस काही आला नाही. लागोपाठ दोन वर्षं कोरडी गेली आणि अप्पांना टंचाईचं काम मिळालं. दिवसभर ते गावोगावच्या टँकरचे कागद पुढं सरकवायचे, आणि संध्याकाळी घरी आले की आमच्याच गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात उभ्या असायच्या. "साहेब, आपल्या गल्लीचा टँकर कुठं गेला वो?" अप्पा साहेब नव्हते, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

आणि आईला गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. एसटीत पाय ठेवला की तिचा चेहरा पांढरा पडायचा, आणि चाकूर यायच्या आत ती खिडकीबाहेर वाकलेली असायची. लग्न होऊन सासरी आली तीसुद्धा ओकत ओकतच आली, असं माझी आत्या सगळ्यांना रंगवून सांगायची. आईचं माहेर किनवटचं. लातूरहून नांदेड, नांदेडहून पुढं किनवट, सगळा दिवस प्रवासात जायचा. किनवटला रान होतं, नदी होती, आजीच्या हातची भाकरी होती, आणि मधे हा लांबलचक रस्ता. आई माहेरी गेली ती हाताच्या बोटांवर मोजावी इतक्याच वेळा. सख्ख्या भावाच्या लग्नाला ती गेली नाही, कारण तेव्हा माझा भाऊ पोटात होता आणि तसल्या अवस्थेत एसटीत बसायची तिची हिंमत झाली नाही.

अप्पांचं यावर एकच म्हणणं. "मनाचे खेळ हायेत सगळे. मी न्हाई का गाडीत पेपर वाचत?" अप्पा खरोखरच एसटीत पेपर वाचायचे, तोही शेवटच्या सीटवर बसून. ज्याचं कधी पोट दुखलं नाही त्याला दुसऱ्याचं दुखणं ढोंग वाटतं, हे मला फार लहानपणी कळलं.

बोटीच्या सहलीआधी दोन वर्षं किनवटहून तार आली. आजी शेवटच्या घटका मोजत होती. अप्पा, आई आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो. भावाला आत्याकडे ठेवलं. ऊन मी म्हणत होतं. आई ओकत होती, पोटात काही उरलं नाही तरी ओकत होती, आणि मधूनच "थांबवू नका, जाऊ द्या" म्हणत होती. अहमदपूरच्या स्टँडवर ती बेशुद्धच पडली. कंडक्टरनं आणि अप्पांनी तिला खाली उतरवलं, जवळच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, आणि रात्रभर तिथंच राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही किनवटला पोचलो तेव्हा आजीला नेऊन झालं होतं. अंगणात आजीची बाज धुऊन उभी करून ठेवली होती.

त्या बाजेजवळ अप्पा आईला म्हणाले, "जरा कळ सोसली असतीस, तर निदान तोंड तरी बघायला मिळालं असतं."

अप्पा वाईट माणूस नव्हते. आजीचा त्यांच्यावर फार जीव होता, आणि त्यांचाही तिच्यावर. दुःखात माणूस काहीही बोलून जातो, हे मी आज म्हणू शकते. पण मी तेव्हा आईचा पदर धरून उभी होते आणि तिचा चेहरा मी पाहिला आहे. ती रडली नाही. भावजयांनी गळ्यात पडून हंबरडा फोडला, तरी आई कोरडीच. लातूरला परत आल्यावर तिनं एसटीचं नाव टाकलं. "आता कुठं जायचंय मला?" एवढंच म्हणायची. घरात भांडण नव्हतं. अप्पांना वेळेवर गरम भाकरी मिळत होती. फक्त पूर्वी वाढताना ती त्यांना कचेरीतलं काहीबाही विचारायची, ते बंद झालं. अप्पा आपणहून सांगायला लागले, तर ती नुसतं "हाव", म्हणजे हो, म्हणायची आणि उठून आत जायची.

अशात अप्पांनी एके दिवशी जाहीर केलं, की सरकारी प्रवास सवलत घेऊन आपण सगळे मुंबईला जायचं आणि तिथून बोटीनं मालवणला. आई म्हणाली, "तुम्ही लेकरायला घेऊन जावा." अप्पांनी मग तयार करून ठेवलेला मुद्दा काढला. "अगं, समुद्रात खड्डे नसतात! रस्ता न्हाई, खड्डा न्हाई, वळण न्हाई. तुला काय होणार हाय?" एरवी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा न सांगणारे अप्पा महिनाभर रोज तेच सांगत राहिले. टंचाईच्या दिवसांत रजा मागायला साहेबांपुढं तीनदा जाऊन उभे राहिले. त्यांना आईची माफी मागायची होती आणि ती कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं, हे कळायला मला स्वतःचं लग्न व्हावं लागलं. शेवटी भावानं हट्ट धरला, आई नसली तर मी पण येत न्हाई. त्याच्यासाठी ती तयार झाली.

झालं, सगळी गल्ली सल्ला द्यायला बसली. समुद्र कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे कुणालाच काही शंका नव्हती. शेजारच्या चाचीनं बेंबीवर हिंग लावायला सांगितलं आणि आम्ही नसताना आमचं पाणीही भरून ठेवीन म्हणाली, जे त्या दिवसांत फार मोठं बोलणं होतं. लवंगा झाल्या, लिंबं झाली, आवळकाठीची पुडी झाली. पण शेवटचा शब्द होता कोपऱ्यावरच्या ड्रायव्हरकाकांचा. तीस वर्षं एसटी चालवून ते निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "हे बघा, गाडी म्हंजे गाडी. डांबरावर चालली काय अन् पाण्यावर चालली काय. पुढं बसायचं. चाकावर न्हाई, मागं तर बिलकुल न्हाई. पुढचा माणूस कधी ओकत नसतो. मी ओकलो का कधी?"

अप्पांनी ते मनावर कोरून घेतलं.

सोलापूरच्या गाडीत आईनं औसा येईपर्यंत तग धरला. औशाच्या स्टँडवर जे सुरू झालं ते सोलापूरला रेल्वेत बसल्यावरच थांबलं. अप्पा या खेपेला 'मनाचे खेळ' म्हणाले नाहीत, पण पेपर मात्र वाचत होते.

मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बोटीला ही गर्दी. बोटीवर चढताच अप्पा सतरंजी काखेत मारून असे धावले, की आम्ही मागं राहिलो. लोक मधल्या भागात, सावलीत पथाऱ्या टाकत होते, आणि अप्पांना त्यांची कीव येत होती. थेट बोटीच्या नाकावर, अगदी पुढं, त्यांनी सतरंजी अंथरली. "बघा, किती जागा! लोकांना अक्कल नसती." आईनं पहिलं काम काय केलं, तर नळ शोधला. नळाला पाणी आहे म्हटल्यावर तिनं बरोबरच्या सगळ्या बाटल्या, तांब्या, फिरकीच्या झाकणाचा गडवा, सगळं भरून आणलं. पाणी दिसलं की भरायचं, ही सवय आम्हाला अजून आहे.

दुपारपर्यंत सगळं छान होतं. चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. भावानं समुद्राकडे बघून "ह्यो टँकरात का भरत न्हाईत?" असं विचारलं, आणि टंचाईवाल्या अप्पांनी त्याला खारट पाण्याची गोष्ट समजावून सांगितली. मग वारा सुटला. बोटीचं नाक वर जायचं, तिथं जरा थांबायचं आणि खाली पडायचं. आम्ही त्या नाकावरच बसलेलो. आधी भाऊ ओकला. मग मी. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले, तर आणखी वाईट. आणि मग अप्पा उठले, टोपी काढून सतरंजीवर ठेवली, कठड्यापाशी गेले आणि वाकले.

आईला काही झालं नाही. का झालं नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एका डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की काहींना डिझेलचा वास आणि कोंडलेली हवाच बाधते, मोकळ्यावर त्यांना काही होत नाही. आई उठली, पदर खोचला, जाऊन एका खलाशाला विचारून आली आणि आमचं बिऱ्हाड तिनं बोटीच्या मध्यावर आणलं. भावाला कडेवर, मला हाताला धरून. लिंबाची फोड तोंडात दिली, "लांब बघ, खाली बघू नको" म्हणाली. कुणी सांगितलं होतं तिला? कुणी नाही. इतकी वर्षं खिडकीतून लांब बघत बघतच ती जगली होती. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला, की ओकता ओकता मी शेजारच्या बाईला "ती माझी आई हाय" असं सांगितलं.

अप्पांना हलवता येत नव्हतं. ते कठडा सोडायलाच तयार नव्हते. आई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याजवळ गेली. मीही धडपडत गेले, कारण त्या वेळी मला तिच्यापासून दूर राहायचं नव्हतं. तिनं त्यांना चूळ भरायला लावली, पदरानं तोंड पुसलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं अप्पांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, ओकाऱ्यांचं असेल.

"तुला दर वेळेला असंच व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"एवढं?"

"ह्याच्यापरीस लई. गाडीत उठून हुबं राहायला बी येत न्हाई ना."

अप्पांना पुन्हा एक उमासा आला, तो त्यांनी गिळला. मग म्हणाले, "मग त्या दिवशी तू अहमदपूरपर्यंत तरी कशी आलीस?"

पाठीवरून फिरणारा आईचा हात थांबला.

"माय होती ना तिकडं," ती म्हणाली.

आणि ती रडायला लागली. दोन वर्षांपूर्वीचं, आजीसाठीचं रडणं होतं ते. हुंदके देऊन, पदर तोंडात न कोंबता, सगळ्या बोटीदेखत. लोक बघायला लागले. अप्पांना कुणी बघितलेलं मुळीच चालायचं नाही. पण त्यांनी चारचौघांत तिचा हात धरला, आणि "चुकलं माझं" असं ते म्हणाले, एकदा नाही, दोनदा. मी तिथंच खाली बसून दोघांकडे बघत होते. आईनं हात सोडवून घेतला नाही.