तपासणाऱ्याची चौकट

मोरे गेल्याचा फोन मला आखातातल्या मीना अब्दुल्ला बंदराच्या रिफायनरीत ऐन जेवणाच्या सुट्टीत आला. समोर डबा उघडा होता आणि टेबलाच्या खणात त्यांचा मसुदा... माझ्या सहीची वाट बघत.

मोरे आमच्याच ड्रॉइंग ऑफिसातले. आडनाव कोकणातलं, माणूस हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाचा. पणजोबा उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले ते तिथलेच झाले. नव्वद साल उलटलं तरी तिथे परक्या देशाचा गव्हर्नर बसलेला. मोरेंकडे मराठीतला एकच शब्द उरला होता, 'भाऊ'. मला तीच हाक मारायचे. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खैतान वस्तीतल्या आमच्या घरी वरणभात जेवायचे आणि हात धुऊन कागद पसरायचे. बेटाला स्वराज्य द्या, असा प्रस्ताव. आमची विधानसभा, आमचं मासेमारीचं पाणी, आमच्या शाळा... अठ्ठावीस कलमं. राज्यकर्त्यांचा आयोग बेटावर येणार होता आणि महिनाअखेरपर्यंतच लेखी प्रस्ताव घेणार होता.

आमच्याकडे दुसऱ्याने तपासल्याशिवाय नकाशा बाहेर जात नाही. खाली दोन चौकटी असतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. वीस वर्षं तेच केलेल्या या भल्या माणसाने स्वराज्याच्या प्रस्तावाखालीही दोन चौकटी आखल्या आणि दुसरी मला दिली. मी मूर्ख, हुरळून गेलो. लाल पेन घेऊन स्वल्पविराम हलवत बसलो. त्यातच प्लँटचं शटडाऊन आलं, दुरुस्तीसाठी सगळं बंद आणि आम्हाला रात्रंदिवस काम.

"भाऊ, हो गया?"

"दो कलम बाकी हैं, मोरेसाब."

सहीवाचून पाठवायला ते तयार नव्हते. मुदत टळली. पुढे आयोगाने जाहीर केलं, की लेखी मागणी एकही आली नाही, तेव्हा लोकांना बदल नकोच असावा. त्या शुक्रवारी मोरे आले, पण ताटाला हात लावला नाही. मला एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं... जाताना एवढंच म्हणाले, "अगली बार भेजेंगे, भाऊ. तुम साइन कर दो." मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नक्की. मंगळवारी त्यांचं हृदय बंद पडलं.

आता दीड महिना झाला. काल खण उघडला आणि सही केली. एकही चूक राहिलेली नव्हती, बहुधा आधीही नव्हती. सहीशेजारी तारीख घालायची असते. पेन हातात धरून बसलो होतो... कुठली घालू?