समुद्राकाठचे शाकाहारी

आमचे हे तहसील कचेरीतून रिटायर झाले, त्याच वर्षी त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं विशाखापट्टणमला समुद्रासमोर फ्लॅट घेतला. घेतला तर घेतला, पण तो माणूस रोज सकाळी बाल्कनीतून समुद्राचा फोटो काढून ह्यांना पाठवायला लागला. फोटोत काही बदल नसायचा. वर आभाळ, खाली पाणी, कोपऱ्यात त्याच्या चहाचा कप. तरी हे दोन बोटांनी फोटो मोठा करकरून पाहायचे आणि मी मागच्या अंगणात असले तर तिथवर येऊन दाखवायचे.

"पाह्य, आज पाणी कसं हिरवं दिसून राह्यलं!"

"काल निळं होतं, आज हिरवं हाय. त्यात काय पाह्यचं?"

पण रोज रोज पाहून माणसावर परिणाम होतोच. एक दिवस जेवता जेवता ह्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून जाहीर केलं, "आपणबी समुद्रापाशी घर घेऊ."

मी तेलंगणात, आदिलाबादजवळच्या जैनथच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. खिडकीबाहेर कापूस आणि सोयाबीन, त्यापलीकडे पैनगंगा, एवढीच माझी क्षितिजाची ओळख. मला समुद्राशी वैर नव्हतं, पण मी म्हटलं, "बाजारात आपण भेंडीचा शेंडा मोडून पाह्यतो, मंग पिशवीत टाकतो. घर काय फोटो पाहून घेता? आधी भाड्यानं राहू. पटलं तं घेऊ."

हे त्यांना पटलं. विशाखापट्टणमला मात्र जायचं नव्हतं. एक तर सोबत्याच्या शेजारी राहिलो तर त्याची नक्कल केल्यासारखं दिसलं असतं. दुसरं म्हणजे कचेरीत अख्खी नोकरी तेलुगूत झाली, आता उरलेले दिवस आपल्या भाषेत बोलायचं असं ह्यांच्या मनात होतं. म्हणून कोकण ठरलं. "तिथं समदे मराठीच," हे म्हणाले. "बोलायचं सुख राहीन."

रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलो आणि ह्यांनी एका रिक्षावाल्याला विचारलं, "काऊन दादा, गावात जाऊन राह्यले का?"

रिक्षावाला हसून म्हणाला, "हां हां, बैठो. किधर जाने का?"

"अरे, मी मराठीच बोलून राह्यलो ना!"

"समझा समझा. सामान पीछे रखो."

पुढे घरं दाखवणारा एजंट भेटला. त्यानं ह्यांचं आधार कार्ड मागितलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ही कन्नड का?"

"तेलुगू."

"म्हणजे तुम्ही मद्रासी."

"आमी मराठी."

"मग कार्ड?"

"तेलंगणाचं. आदिलाबाद."

एजंटानं थोडा वेळ विचार केला आणि आमचा निकाल लावला. "म्हणजे नागपूरकडचे," तो म्हणाला. पुढे त्या गावात आम्ही नागपूरचेच राहिलो.

त्यानं दाखवलेल्या पहिल्या घरातून समुद्र दिसतो असं सांगितलं होतं. दिसत होताही. न्हाणीघरात स्टूल ठेवून वर चढलं आणि झरोक्यातून मान तिरकी केली की नारळाच्या दोन झावळ्यांमध्ये पाण्याची एक रेघ दिसायची. हे बराच वेळ स्टुलावर उभे होते. खाली उतरून म्हणाले, "हाय, पण मान दुखते."

दुसरं घर खरोखर सुरेख होतं. ओट्यावर बसलं की समोर सगळी वाळू. पण मालकाची एक अट होती. शनिवार-रविवारी, नाताळात, दिवाळीत आणि सगळा मे महिना खोल्या पर्यटकांसाठी मोकळ्या करून द्यायच्या.

"मंग आमी राह्यचं कवा?" ह्यांनी विचारलं.

"बाकी सगळे दिवस तुमचेच की!" मालक मोठ्या मनानं म्हणाला.

तिसरं घर एका एकट्या म्हातारीचं होतं. जांभ्या दगडाचं, मागच्या बाजूला दोन खोल्या, आणि मागचं दार उघडलं की पोफळीच्या चार झाडांपलीकडे सरळ समुद्र. सगळं गाव तिला काकी म्हणायचं, म्हणून आम्हीही काकीच म्हणायला लागलो. ती पडवीत बसून सुपाऱ्या सोलत होती. तिनं आमच्याकडे नीट पाहून घेतलं. (तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून सोपी करून लिहिते.) मग तिनं विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "शुद्ध शाकाहारी! अंडंबी नाही."

मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. निघायच्या आदल्या रविवारी ह्याच माणसानं मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला होता आणि नळी फुटत नाही म्हणून वरवंटा आणायला लावला होता.

पण ह्यांनी असं का केलं ते मला ठाऊक होतं. आमचं लग्न नवं होतं तेव्हा आदिलाबादेत आम्ही खोली पाहायला गेलो होतो. आमचे आजे-पणजे दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. घराण्यात पगार घेणारी पहिली माणसं आम्ही. नवे कपडे घालून, उत्साहात गेलो होतो. घरमालकिणीनं चहा दिला आणि हाच प्रश्न विचारला. आम्ही सरळ सांगितलं, मटण, मासे, सगळं खातो. मग तिनं विचारलं, देवघर कुठं मांडणार? देवघर मांडत नाही, असंही आम्ही सरळच सांगितलं. तेव्हा तिला एकदम आठवलं की खोली तिच्या भाच्याला द्यायची आहे. तो भाचा काही कधी आला नाही. मी शाळेला जाताना त्या खोलीचं कुलूप रोज बघायची. तेव्हापासून, खाण्याचं कोणी विचारलं की त्यामागे दुसरा प्रश्न उभा आहे असं आम्ही धरून चालायचो, आणि हे ढाल पुढे करावी तसा शाकाहार पुढे करायचे.

काकीचा चेहरा मात्र ते ऐकून उजळला नाही, पडला.

"अगदी काहीच नाही?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग समुद्रावर कशाला आलात?"

"हवेसाठी," ते म्हणाले.

खोल्या मिळाल्या. काकीनं आमचा शाकाहार आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतला. आम्हाला वेगळी चूल, वेगळी भांडी. तिच्याकडे मासे तळायला घेतले की आधी ती आमच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची आणि ओरडून सांगायची, "बाय, दार लोटून घे गो, तुम्हाला त्रास होईल!" वर आमच्यासाठी रोज काहीतरी पाठवायची. काकडीची कोशिंबीर, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, पुन्हा काकडी. तिच्या प्रेमात खोट नव्हती. पण बंद खिडकीच्या फटीतून तो वास यायचाच, आणि हे जेवणाचं ताट उचलून भिंतीपाशी जाऊन बसायचे.

"आज बांगडा हाय," वरणभात कालवत म्हणायचे.

"तुमाले कसं समजते?"

"काल सुरमई होती. तिचा वास सौम्य राह्यते."

"आता सांगून टाका की काकीले."

"काय सांगू? खोटं बोललो म्हणून? म्हातारी सामान वाळूत ठेवन आपलं."

बाकी हवेनं आमच्याशी मस्करीच चालवली होती. घरून नेलेले पापड हात लावताच चामड्यासारखे वाकायचे. मिठाला पाणी सुटायचं. जवसाची चटणी डब्यात गोळा होऊन बसली. माझी कात्री गंजली. पण संध्याकाळी दोघं वाळूवर बसलो की एवढं बरं वाटायचं की पापडाचं काही वाटेनासं व्हायचं.

दरम्यान ह्यांनी विकत घ्यायच्या जागेची चौकशी सुरू केली होती. एक नारळाची वाडी ह्यांना आवडली. पण तिच्या सातबाऱ्यावर हिश्शेदार इतके, की महसुलात आयुष्य काढलेला माणूसही चक्रावला. एक हिश्शेदार दुबईला, दोन-तीन मुंबईला, काही देवाघरी, आणि एक गावातच, पण रुसलेला. "निजामाच्या जमान्यातल्या पहाण्या पाह्यल्या मी," हे कौतुकानं म्हणाले (पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा), "पण असा गुंता जल्मात नाही पाह्यला!" दुपार झाली की हे पिशवी घेऊन चौकशीला निघायचे. मला एक गोष्ट खटकायला लागली. चौकशीहून आले की ह्यांना भूक नसायची.

एक दिवस काकी म्हणाली, "चल बाय, बंदरावर लिलाव बघायला. खात नाहीस, पण बघायला काय जातंय?"

गेलो. होड्या लागल्या होत्या, बायकांची घाई चालली होती. वाटेत पत्र्याची एक टपरी होती, मासे तळून देणारी. बाकड्यावर आमचे हे बसलेले. बाह्या वर केलेल्या, समोर ताटलीत तळलेला बांगडा, दोन्ही हात कामात.

ह्यांनी मान वर केली आणि आम्हाला पाहिलं. जमिनीच्या प्रकरणांत ह्यांचं डोकं थंड चालायचं, पण त्या क्षणी ह्यांनी ताटली उचलली आणि बाजूला बसलेल्या अनोळखी माणसापुढे सरकवली. त्या भल्या माणसानं "थँक्यू हां" म्हणून खायला सुरुवात केली.

काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ," ती म्हणाली, "मिशीला रवा लागलाय."

हे मिशी पुसायला लागले. काकी समोरच्या बाकड्यावर बसली, त्या माणसाच्या ताटलीतला बांगडा बोटानं दाबला, वास घेतला आणि ताटली परत सरकवली.

"बर्फातला आहे. शिळा. माझ्या दारात पहाटेचा मासा येतो, आणि तुम्ही इथे हे खाता?"

"काकी, चुकलं," हे म्हणाले.

"चुकलं ते दिसतंच आहे. खोटं कशाला बोललात?"

हे पुन्हा मिशी पुसायला लागले. मग मीच सांगितलं. आदिलाबादची खोली, चहा, देवघर, न आलेला भाचा, सगळं. माझं संपल्यावर काकी म्हणाली, "आणि मी विचारलं तेव्हा तुम्हाला तेच वाटलं?"

"तेच वाटलं."

"अगो, मी विचारलं ते दुसऱ्याच कारणासाठी. मी एकटी बाई, मला लागतात दोन बांगडे. दोन बांगड्यांसाठी ती मासेवाली पाटी खाली उतरवायलासुद्धा कुरकुर करते. घरात आणखी दोन तोंडं असती तर ती नीट दारात थांबली असती!" मग पदर सारखा करून ती म्हणाली, "पण आता विचारूच का सरळ?"

"विचारा," हे म्हणाले.

"कोण तुम्ही?"

"बौद्ध."

काकी होड्यांकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता हिला एखादा भाचा आठवणार.

"आमच्या सासूनं नसतं हो ठेवून घेतलं तुम्हाला," ती म्हणाली.

"आणि तुमी?" मी विचारलं.

"सासू मेली," काकी म्हणाली. "काटे काढता येतात का?"

त्या दुपारी ती आम्हाला स्वतःच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. माशाची आमटी, तळलेले तुकडे, सोलकढी. ह्यांनी पैनगंगेच्या मरळीच्या गोष्टी सांगितल्या आणि काकीनं त्या ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या; नदीच्या माशाला ती मासाच मानत नाही. मी जेवले आणि मग हात धुवायला म्हणून मागे विहिरीवर गेले. तिथं मला जरा रडू आलं. का ते मला नीट सांगता येणार नाही. रस्सा तिखट नव्हता, एवढं खरं.

वाडी काही आमची झाली नाही. हे त्या रुसलेल्या हिश्शेदाराला भेटायला गेले, तर तो म्हणाला, "विकायला माझी काही हरकत नाही. पण त्यात माझ्या भावाचा फायदा होत असेल तर हरकत आहे." हे घरी आले ते खूश होऊनच. "काय पक्का माणूस हाय!" म्हणाले आणि तो विषय सोडून दिला. काकी म्हणाली, घर विकत घेऊन काय करायचंय, खोल्या आहेतच. तेव्हापासून आम्ही दर वर्षी काही महिने तिच्याकडे राहतो. मासेवाली आता दारात थांबते, पाटी उतरवते आणि वर पाणी मागते.

गेल्या थंडीत आम्ही आग्रह करकरून काकीला आदिलाबादला आणलं. ती सुक्या बोंबलांचा डबा घेऊन आली, त्यामुळे आमच्या रेल्वेच्या डब्यात आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. नेरडीगोंड्याच्या पुढचा धबधबा दाखवायला नेलं तर ती कठड्याला धरून म्हणाली, "एवढं गोडं पाणी, आणि कोणी भरून ठेवत नाही?" ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी तिला आवडली. थंडीचं मात्र तिला नवल वाटलं. दिवसभर उन्हाच्या तुकड्यामागं खुर्ची ओढत फिरायची.

तिची एकच तक्रार होती. आमच्या गल्लीत फार शांतता आहे, लाटांचा आवाज नाही, म्हणून तिचा डोळाच लागेना. ह्यांनी खूप विचार केला आणि शेवटी माळ्यावरचा उन्हाळ्याचा कूलर खाली काढला. पाणी न घालता, भिंतीकडे तोंड करून, तिच्या खोलीत लावून दिला. बाहेर शेकोट्या पेटल्या होत्या आणि काकी दोन गोधड्यांखाली, घरघरणाऱ्या कूलरशेजारी, गाढ झोपली.

सकाळी शेजारीण भिंतीवरून विचारत होती, एवढ्या थंडीत तुमच्याकडं कूलर काऊन चालून राह्यला. मी उत्तर शोधत होते तोवर काकी शाल गुंडाळून बाहेर आली, उन्हात बसली आणि म्हणाली, "भरती चांगली होती हो."